आवाज गेल्यावरची प्रार्थना

डॉक्टरांनी कागदावर माणसाच्या गळ्याचं चित्र काढलं, मधल्या एका भागाभोवती पेनाने गोल केला आणि म्हणाले, "हे काढावं लागेल, साळवे."

"हे म्हणजे?" रत्नदीपने विचारलं.

"स्वरयंत्र. पूर्ण."

ठाण्याच्या त्या हॉस्पिटलात एसी जोरात होता, तरी रत्नदीपच्या पाठीवरून घाम ओघळला. वर्षभरापूर्वी घशात गाठ निघाली होती. रेडिएशनचे शेक घेऊन झाले, गाठ गेली असं सगळ्यांनाच वाटलं. आता ती परत आली होती.

"श्वास इथून घ्यायचा," डॉक्टरांनी स्वतःच्या गळ्याच्या खळगीवर बोट ठेवलं. "इथे एक छिद्र कायमचं राहील. जेवण तोंडानेच. पण आवाज राहणार नाही. पुढे शिकून थोडंफार बोलता येतं, ते नंतर बघू. आधी जीव."

शेजारी बसलेल्या करुणाने नवऱ्याचा हात धरला. तो हात तिला बर्फासारखा लागला.

रत्नदीप साळवे कल्याणच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. खिडकीत बसून गाड्या पुकारायचा. मुरबाड, नगर, जुन्नर, सगळी नावं त्याच्या तोंडून अशी यायची की प्रवासी माना वर करून कर्ण्याकडे बघत. त्याची माणसं मूळची नगरकडची, आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती. तो स्वतः डोंबिवलीत वाढला. रविवारी चर्चमध्ये पेटीवर बसून गीतं धरायचा, आणि प्रार्थनेची वेळ आली की मंडळी त्यालाच उभं करायची. कुणाचं लग्न असो की मयत, "साळवे बंधू, दोन शब्द देवाशी बोला." त्याला कधी शब्द शोधावे लागले नाहीत. ते यायचे, आणि आवाज त्यांना उचलून न्यायचा.

ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हापासून त्याला मरणाची नव्हे, त्या छिद्राची भीती वाटू लागली. न्हाणीघरात तो नाक आणि तोंड हाताने घट्ट दाबून उभा राहायचा. असा श्वास येणार नाही. मग कसा येईल? छाती फुटायला लागली की हात सोडायचा आणि भिंतीला टेकून धापा टाकायचा. करुणा बाहेरून विचारायची, "अहो, ठीक आहात ना?"

"हो, हो," तो म्हणायचा.

मंडळीने त्याच्यासाठी उपास करून प्रार्थना केली. कुणीतरी म्हणालं, "बघा, चमत्कार होईल." रत्नदीपने ते शब्द मनात धरून ठेवले. ऑपरेशनआधी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तो रिपोर्ट घेणाऱ्या करुणाच्या चेहऱ्याकडेच बघत राहिला. गाठ होती तिथेच होती. रिक्षात बसल्यावर तो हलकेच म्हणाला, "त्याला नेमका माझा आवाजच पाहिजे होता का गं?"

ऑपरेशनच्या सकाळी ठाण्यातल्याच बाळकुमहून त्यांची मुलगी अमृता आली होती. ट्रॉली ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पोचली तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, काहीतरी बोला ना." मोबाईल हातात धरून ती रेकॉर्ड करायला उभी होती. रत्नदीपला एकही शब्द सुचेना. आयुष्यभर लोकांसाठी बोललेला माणूस, त्याच्या तोंडून निघालं, "मोबाईलचा चार्जर घेतलाय ना तुम्ही?" आणि दार बंद झालं.

शुद्धीवर आल्यावर तो ओरडला. निदान त्याला तसं वाटलं. तोंड उघडलं होतं, जीभ हलत होती, पण आवाज आला नाही. गळ्यापाशी काहीतरी फसफसलं. त्याने हात वर नेला तर सिस्टरने तो पकडला. "हात नाही लावायचा, काका. शांत राहा. हवा आत जातेय." हवा जात होती. पण ती नाकातून नव्हती, ओठांतून नव्हती, त्यामुळे ती आपली आहे असं त्याला वाटेचना.

घरी आल्यावर भीतीला नवनवीन तोंडं फुटली. आंघोळीचं पाणी गळ्यातून आत गेलं तर? झोपेत चादर छिद्रावर आली तर? आणि त्याला वास येईनासा झाला होता. नाकातून हवाच जात नव्हती तर वास कुठून येणार? त्यांची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीपासून फार लांब नाही. एका संध्याकाळी करुणा घाईघाईने सगळ्या खिडक्या लावत सुटली. "आज पुन्हा सोडलंय काहीतरी कंपनीने. डोळे चुरचुरतायत." रत्नदीप तोपर्यंत उघड्या खिडकीपाशीच बसला होता. त्याला काहीच कळलं नव्हतं. घरात गॅस सुटला तरी कळणार नाही, हे त्या क्षणी त्याच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून तो दर थोड्या वेळाने उठून शेगडीची बटणं तपासू लागला.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याला प्रार्थना करता येईना. तो डोळे मिटायचा, ओठ हलवायचा, की गळ्यातून नुसती हवा फुसफुसायची. त्याला स्वतःचीच लाज वाटायची. आपली प्रार्थना म्हणजे आवाजच होता की काय, असं त्याच्या मनात यायचं, आणि मग तो डोळे उघडून टीव्ही लावायचा. रविवारी करुणा साडीच्या निऱ्या करत विचारायची, "येताय?" तो मान हलवायचा. नाही.

जानेवारीत हवा कोरडी झाली. गळ्याच्या छिद्रात बसवलेल्या नळीत कफ वाळायला लागला. "आतली नळी वेळेवर काढून धुवायची. कफ अडकला तर सलाईनचे थेंब टाका, पुढे वाका आणि खोका. घाबरायचं नाही," सिस्टरने हॉस्पिटलात दहादा पढवलं होतं. करुणाची रजा संपली होती. ती एका शाळेत शिकवायची. जाताना तिने थेंबांची बाटली टेबलावर समोरच ठेवली.

दुपारी जेवून तो पेपर चाळत बसला होता. खोकला आला. रोजच यायचा. या वेळी तो अर्ध्यावर अडकला. श्वास ओढला तर शिटीसारखा बारीक आवाज झाला. पुढच्या श्वासाला तोही झाला नाही.

रत्नदीप उठून उभा राहिला. छाती वर उचलली जात होती, पण आत काही येत नव्हतं. कुणीतरी गळ्यात बूच मारावं तसं. त्याने मोबाईल उचलला आणि करुणाला लावला.

"हॅलो? हॅलो, अहो?" करुणा म्हणाली. पाठीमागे मुलांचा गलका ऐकू येत होता. "काय झालं? बोला ना... अहो!" आणि मग आपण काय म्हणालो ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती एकदम गप्प झाली.

मोबाईल त्याच्या हातातून पडला. त्याने ओट्यावरचं ताट आणि उलथनं घेतलं आणि खिडकीच्या ग्रिलवर बडवायला सुरुवात केली. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. शेजारी कुकरची शिटी झाली. रोज कुठे ना कुठे काहीतरी वाजतच असतं, कोण वर बघणार? डोळ्यांसमोर काळे ठिपके नाचू लागले. टेबलाकडे वळताना त्याचा धक्का लागून थेंबांची बाटली खाली पडली आणि घरंगळत सोफ्याखाली गेली. तो फरशीवर बसला.

आणि तेव्हा त्याने हाक मारली. प्रभू! तोंड उघडलं, ओठांनी शब्द केला, बस. आवाज तर नव्हताच, या वेळी हवासुद्धा नव्हती.

पुढे काय झालं ते त्याला कधीच धड सांगता आलं नाही. उजेड दिसला नाही, वाणी ऐकू आली नाही. भीतीही गेली नाही. पण अंधाऱ्या खोलीत आपण एकटे आहोत असं समजावं आणि शेजारच्या खाटेवर कुणीतरी कूस बदलावी, तसं काहीसं झालं. कुणीतरी होतं. आत चाललेली पळापळ क्षणभर थांबली. तेवढ्यात त्याला सिस्टरचं बोलणं आठवलं. नळी. त्याने आतली नळी फिरवून ओढून काढली. सोफ्याखाली हात घातला. बाटली बोटांना लागली. थेंब गळ्यावर सांडले, काही आत गेले. तो पुढे वाकला आणि उरलंसुरलं सगळं बळ लावून खोकला. काही नाही. पुन्हा थेंब. पुन्हा खोकला. वाळल्या डिंकाच्या खड्यासारखं काहीतरी फरशीवर उडालं, आणि हवा अशी आत शिरली की त्याच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

कुणीतरी दार ठोठावत होतं. "साळवे! अहो साळवे, दार उघडा! करुणाताईंचा फोन आला होता!"

समोरच्या ब्लॉकमधले हरिहर करंदीकर होते. सत्तरी ओलांडलेले, बनियनवरच धावत आलेले. रत्नदीपने सरपटत जाऊन कडी काढली. करंदीकरांनी त्याचा चेहरा पाहिला, फरशीवरचं ताट पाहिलं, आणि काही न विचारता त्याच्याशेजारी खाली बसले. "श्वास घ्या. सावकाश. मी इथेच बसतो आहे," ते म्हणत राहिले. करुणा रिक्षाने धावत येईपर्यंत ते तसेच बसून होते.

वाचला, म्हणून सगळ्यांनी देवाचे आभार मानले. रत्नदीपने मानले नाहीत. उलट त्या दिवसानंतर तो आणखीच खचला. करुणा भाजीला निघाली तरी तो दारात येऊन उभा राहायचा. खोकला आला की त्याचा चेहरा पांढरा पडायचा. नळी दिवसातून कितीदा धुवायचा याला हिशेब नव्हता. करुणाने पुन्हा रजा टाकली.

एका सकाळी त्याने मोबाईलवर टाईप केलं आणि तिच्यासमोर धरलं. "असं जगण्यापेक्षा ऑपरेशनच केलं नसतं तर बरं झालं असतं."

करुणा मेथी निवडत होती. तिने वाचलं. जुडी बाजूला ठेवली.

"मी फोनवर नुसता खडखडाट ऐकत होते," ती म्हणाली. "ताटाचा. आणि मग तोही बंद झाला. तुम्हाला वाटतं भीती तुम्हा एकट्यालाच वाटते? मी शाळेत फळ्याकडे तोंड करून रडते अहो. मुलांना वाटतं बाई लिहितायत."

रत्नदीपने तिच्याकडे पाहिलं. हे त्याला ठाऊक नव्हतं. मग मोबाईल घेऊन पुन्हा टाईप करू लागला. या वेळी खूप वेळ लागला. त्या दुपारी फरशीवर काय झालं ते त्याने पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. शेवटी लिहिलं, "भास असेल."

करुणाने ते दोनदा वाचलं. ती "हालेलुया" म्हणाली नाही, रडलीही नाही. तिने विचारलं, "मग आता का नाही बोलत त्याच्याशी?"

त्याने गळ्याकडे बोट दाखवलं. आवाज नाही.

"त्या दिवशी होता?"

मेथीची जुडी तिने पुन्हा ओढली. रत्नदीप उठून आतल्या खोलीत गेला. पलंगावर बसून त्याने डोळे मिटले. गळ्यातून हवा फुसफुसली. तो थांबला नाही. सुंदर शब्द सुचत नव्हते. मला भीती वाटते, एवढंच तो पुन्हा पुन्हा ओठांनी म्हणत राहिला. भीती वाटते. तू जाऊ नकोस.

दुसऱ्या आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब घरी आले. सुदेश उजगरे, वयाने रत्नदीपपेक्षा बरेच लहान. "सलाम, भाऊ," म्हणून खुर्चीत बसले, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, "येत्या रविवारी प्रार्थना तुम्ही चालवायची."

रत्नदीपला वाटलं थट्टा आहे. त्याने मोबाईलवर लिहिलं, "गळ्यातून नुसती हवा येईल."

"येऊ दे," पाळकसाहेब म्हणाले. "मंडळी थांबेल."

रविवारपर्यंत त्याला नीट जेवण गेलं नाही. चर्चच्या दाराशी पोचल्यावर तो थांबला. गळ्यावर करुणाने शिवलेला पांढरा सुती रुमाल होता, तो त्याने दोनदा सरळ केला. आत गेल्यावर लोक वळून बघू लागले. कुणी हसून मान डोलावली, कुणी घाईने नजर दुसरीकडे नेली. समोरच्या बाकावरची एक छोटी मुलगी त्याच्या गळ्याकडे बघून आईला बिलगली. आत्ता उठून जावं, असं त्याच्या मनात आलं. करुणाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिचाही हात गार होता.

पाळकसाहेबांनी नाव घेतलं. रत्नदीप पुढे गेला. वेदीपाशी उभं राहून त्याने मंडळीकडे पाहिलं आणि त्याला इतकी भीती वाटली की खोकलाच आला. कोरडा, फाटका खोकला, गळ्यातून. सगळं चर्च श्वास रोखून बसलं. त्याने रुमालाने गळा पुसला, डोळे मिटले आणि ओठ हलवले.

प्रभू, मला भीती वाटते. मला इथे उभं राहायची भीती वाटते. घरी एकटं राहायची वाटते. मी तुझ्यावर रागावलोय, अजूनही थोडा आहे. त्या दिवशी तू आलेलास. आलेलास ना? मी लोकांना सांगितलं नाही, कारण मला खात्री नाही. पण मी तेव्हा मेलो नाही, आणि नुसता घाबरलेलाही नव्हतो. आमच्यात जे कोणी असे घाबरून बसलेत, त्यांच्याशेजारी बस. माझ्याही.

चर्चमध्ये पंख्यांची घरघर होती आणि त्याच्या गळ्यातून येणारी हवा. बाकी काही नाही. एरवी त्याच्या प्रार्थनेला मध्येमध्ये "होय प्रभू" म्हणणारी माणसं आज गप्प होती. मग त्यातल्या कुणीतरी हुंदका गिळल्याचं ऐकू आलं.

प्रार्थना संपली. पण संपली हे लोकांना कळणार कसं, याचा त्याने विचारच केला नव्हता. तो डोळे उघडून उभा राहिला. मंडळी मान खाली घालून तशीच वाट बघत होती.

करुणाचे डोळे उघडे होते. एवढ्या महिन्यांत ती त्याचे ओठ वाचायला शिकली होती. "आमेन," ती एकटीच म्हणाली. आणि मग सगळं चर्च एकदम म्हणालं.

त्याची भीती त्या दिवशी पळाली, असं म्हणता येणार नाही. सोमवारी करुणा रजा संपवून शाळेत गेली आणि दार बंद झालं तेव्हा तो उठून शेगडी बघून आलाच. त्याने थेंबांची एक बाटली टेबलावर, एक खिशात आणि एक पलंगाशी ठेवली. करंदीकरांनी त्याच्या हातात बिनतारी घंटेचं बटण दिलं, म्हणजे ते दाबलं की घंटा त्यांच्या घरात वाजेल. मग त्याने खुर्चीत बसून ओठ हलवले. रोज तसंच बसू लागला. कधी शेजारी कुणी आहे असं वाटायचं, कधी अजिबात नाही. न वाटलं त्या दिवशीही तो बोलत राहायचा. हळूहळू शेगडी तपासायला उठणं कमी झालं.

उन्हाळ्यात तो ठाण्याला बोलणं शिकायला जाऊ लागला. हवा गिळायची आणि ढेकरासारखी वर आणून तिचे शब्द करायचे. पहिले कित्येक दिवस नुसते ढेकरच आले. अमृता बाळकुमहून सोबत यायची, आणि एकदा बापलेक दोघंही त्यावर इतके हसले की शिकवणाऱ्या बाईंनी दार लावून घेतलं. मग एक दिवस "पाणी" आलं. खरखरीत, पत्र्यावर नख ओढल्यासारखं, पण पाणीच.

पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी त्याला विचारलं, "साळवे, एका पेशंटला भेटाल? उद्या त्यांचं हेच ऑपरेशन आहे. फार घाबरल्यात. जेवत नाहीत, सही करत नाहीत."

वॉर्ड त्याच मजल्यावर होता, ऑपरेशन थिएटरच्या बाजूला. थिएटरचं ते दार दिसलं आणि रत्नदीपची पावलं थांबली. तो भिंतीला हात लावून थोडा वेळ उभा राहिला. ओठ हलवले. मग पुढे गेला.

कोपरीच्या केशरबाई कॉटवर उकिडव्या बसल्या होत्या. साठीच्या, धिप्पाड. सून ऐश्वर्या खिचडीचं ताट धरून उभी होती. केशरबाईंनी रत्नदीपच्या गळ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडावर धरला. तो स्टूल ओढून बसला आणि गळ्यावरचा रुमाल स्वतःच बाजूला केला. बघू दिलं.

बराच वेळ बघून त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "भीती वाटते का हो अजून?"

रत्नदीपने हवा गिळली. "वाट-ते."

आवाज ऐकून त्या दचकल्या. मग थोड्या पुढे सरकल्या. "मंग काय करता?"

"सांग-तो," त्याने वर बोट केलं. "येशू-ला. रो-ज."

"आमची एकविरा आई हाय," केशरबाई म्हणाल्या.

त्याने मान डोलावली. मग दोन्ही हात जोडून त्यांच्याकडे पाहिलं, प्रार्थना करू का, अशा अर्थाने. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि हो म्हणाल्या. त्याने डोळे मिटले. नव्याने शिकलेला आवाज त्याने वापरला नाही, नुसते ओठ हलवले. केशरबाई त्याच्या ओठांकडे एकटक बघत राहिल्या.

त्याने डोळे उघडले तेव्हा त्यांनी सुनेच्या हातून ताट घेऊन मांडीवर ठेवलं होतं. एक घास घेतला. सावकाश गिळला. मग विचारलं, "उद्या मला आत नेतील तेव्हा तुम्ही असाल का हितं?"

त्या दाराशी पुन्हा उभं राहायचं, या विचाराने रत्नदीपने गळ्यावरचा रुमाल दोनदा सरळ केला आणि हवा गिळली.

"ये-तो," तो म्हणाला.